एक्सेल, ज्युपिटर की गॅलक्सी? संशोधनाची आकडेमोड कशात करावी

सांगली-साताऱ्यात एम.एस्सी., पीएच.डी. करणाऱ्यांनी साधन निवडताना आधी एवढंच बघावं: फाइल ज्युनियरच्या हातात दिली, तर तुम्हाला फोन न करता त्याला तेच उत्तर काढता येईल का?

एक्सेल सगळ्यांना येतं, पण या कसोटीवर ते हमखास घसरतं. समजा, 2019 च्या पुराचा अभ्यास आहे. आयर्विन पुलाजवळची पातळी आणि कोयनेचा विसर्ग असे दोन रकाने. तारीख 05/08/2019. संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर ती 8 मे होते. 13/08/2019 मात्र तारीख न होता नुसता मजकूर राहते. म्हणजे पुराचे दिवस भलत्याच महिन्यांत! तुम्ही हाताने दुरुस्त कराल, पण काय दुरुस्त केलं हे पुढच्या माणसाला कळणार कसं? जनुकांची नावंही अशीच तारखा होऊन बसायची. म्हणून 2020 मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने काही नावंच बदलली.

ज्युपिटर म्हणजे कोड आणि त्याचं उत्तर एकाच पानावर दाखवणारी वही. तिथे पायथन ही प्रोग्रामिंग भाषाही हीच चूक करू शकते. पण 'तारखेत दिवस आधी, महिना नंतर' हे सांगणारी ओळ तिथे लिहून ठेवता येते, कुणालाही तपासता येते. ज्युपिटरची खोड वेगळी: सेल, म्हणजे कोडचे तुकडे, मागेपुढे चालवले की पडद्यावर दिसणारं उत्तर वरून खाली चालवल्यावर येईलच असं नाही. गाइडला पाठवण्याआधी कर्नल (मागे कोड चालवणारं इंजिन) रीस्टार्ट करून सगळे सेल पुन्हा चालवाच. सोबत वापरलेल्या लायब्ररींच्या (तयार कोडच्या संचांच्या) आवृत्त्यांची फाइल द्या.

हळदीच्या मुळांजवळच्या मातीतल्या जिवाणूंचं सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) केलंय आणि कोडिंग येत नाही? मग गॅलक्सी ही वेबसाइट, डोळे झाकून. खातं मोफत, काम ब्राउझरमध्ये. कोणतं टूल, कोणती आवृत्ती, कोणते पॅरामीटर हे सगळं हिस्टरीत आपोआप नोंदलं जातं. त्यावरून वर्कफ्लो (सगळ्या पायऱ्यांची साखळी) काढून लिंक पाठवता येते. काम त्यांच्या सर्व्हरवर चालतं, त्यामुळे इथे लाइट गेली तरी अडत नाही. त्रास होतो तो मोठ्या फाइली चढवताना. त्यासाठी कॉलेजचं चांगलं नेट गाठा. साठवणुकीलाही मर्यादा आहे.

स्नेकमेक, नेक्स्टफ्लो ही कोड लिहून सगळ्या पायऱ्या आपोआप चालवणारी साधनं शेकडो नमुने झाल्यावर बघा.

माझं मत सरळ आहे: पाऊसपाण्याच्या आकड्यांना ज्युपिटर, सिक्वेन्सिंगला गॅलक्सी, एक्सेल फक्त मूळ नोंदी भरायला. तिथेही तारीख 2019-08-05 अशीच लिहा आणि मूळ फाइलला पुन्हा हात लावू नका.