क्रूझला जाऊन आलो, आता निवांत लिहिते (सिंगापूर–पेनांग–फुकेत, दोघंच)

आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं वाहवा वाहवाच झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. आता क्रेडिट कार्डाची बिलं भरून झालीत, टीसीएसचे (परदेशी पॅकेजवर आगाऊ घेतात तो कर) कापलेले पैसे रिटर्न भरल्यावर खात्यावर आलेत, फोटो सगळ्या पाहुण्यांना दाखवून झालेत, तरी भिशीत कोण ना कोण विचारतंच, "तुम्ही गेलता ना गं त्या जहाजावर, खरंच जावं का, की उगं पैसे घालवायचे?" तर एकदाच सगळं लिहून टाकते, पुढं लिंक पाठवली की काम झालं.

माझं मत आधीच सांगते. मोठ्या क्रूझमध्ये फिरायचं ठिकाण म्हणजे जहाजच, बंदरं नुसती तोंडी लावायला. हे ज्याला पटलं त्याचे पैसे वसूल. ज्याला आठवडाभरात तीन देश "बघायचेत" त्याने विमानाने जावं, कारण बंदरात जहाज थांबतं जेमतेम काही तास, त्यातला तासभर रांगेत जातो आणि सुटायच्या बऱ्याच आधी परत चढावं लागतं. त्यामुळं पैसा घालायचा तर केबिनवर घाला, बंदरातल्या टूरवर नको.

आमच्याबद्दल थोडं, म्हणजे अंदाज येईल. दोघंही पन्नाशीच्या पुढचे, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना, हिशोब मी बघते. पोरं बाहेरगावी. दोघंच असं कुठं गेल्याला कितीतरी वर्षं झालेली, जाईल तिथं सासर नाहीतर माहेर सोबत. लेकीनेच हट्ट धरला. जहाजाचं नाव लिहीत नाही, सिंगापूरहून सुटणारी जहाजं दर सीझनला बदलत राहतात आणि मी लिहिणार ते बहुतेक सगळ्या मोठ्या जहाजांना लागू पडतं.

मोठं म्हणजे किती, तर दीड लाखाच्या वर ग्रॉस टन आणि लांबी सव्वातीनशे मीटरच्या पुढं. टायटॅनिक २६९ मीटर होतं आणि ४६ हजार टनांचं, म्हणजे तीन टायटॅनिक यात मावतील. हे ग्रॉस टन म्हणजे वजन नव्हे बरं का, आतली जागा मोजायचं माप आहे, हे मला तिथंच कळलं. मुंबईहून कॉर्डेलियाचं एम्प्रेस सुटतं ते १९९० सालचं, साधारण ४८ हजार टनांचं. आणि सगळ्यात मोठ्या जहाजांत मोडणारं आयकॉन ऑफ द सीज २०२४ ला प्रवाशांसाठी सुरू झालं, ते जवळजवळ अडीच लाख टनांचं, २० डेकचं (डेक म्हणजे मजला). आमचं मधलं म्हणायचं. तरी पहिल्या दिवशी आपली केबिन शोधताना पाय दुखले, कारण दोन्हीकडची लांबच लांब गल्ली एकसारखीच दिसते आणि पुढं कुठलं, मागं कुठलं तेच कळत नाही. (खूण सांगते, गालिच्यावरचे मासे एकाच दिशेला तोंड करून होते, ती पुढची बाजू.)

सोलापूरकरांसाठी प्रवासाचं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालं की सकाळी मुंबई, तिथून विमान साडेपाच तासांचं, घड्याळ अडीच तास पुढं. जहाज सुटायच्या दिवशीच सिंगापूरला पोचायचं असं तिकीट कुणी काढून दिलं तर नको म्हणा, विमान लेट झालं तर जहाज कुणासाठी थांबत नाही. एक रात्र आधी जाऊन राहा. सिंगापूरला क्रूझचे धक्के दोन आहेत, मरीना बेचा २०१२ ला झालेला आणि हार्बरफ्रंटचा जुना, तिकिटावर कुठला ते बघून मगच टॅक्सीत बसा. सिंगापूरचा व्हिसा लागतोच आणि परत तिथंच उतरायचं असल्यामुळं मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते तपासा. मलेशिया (पेनांग) नि थायलंडला (फुकेत) आम्ही गेलो तेव्हा व्हिसा लागला नाही, पण हे नियम बदलत असतात. आणि ज्यांचे हे तंबाखू मळतात त्यांनी पुडी घरी ठेवायला लावा, सिंगापूरमध्ये खायच्या तंबाखूवर, गुटख्यावर बंदी आहे. सिगारेटचीही एकसुद्धा काडी फुकटात नेता येत नाही, ड्युटी भरावी लागते.

आता केबिन. आम्ही बाल्कनीवाली घेतली, जहाजाच्या मधोमध, फार वरची नाही. हा सल्ला कारखान्यातल्या एका ऑर्डरवाल्या साहेबांनी दिलेला आणि तो सोळा आणे खरा निघाला. मधोमध हलणं सगळ्यात कमी, टोकाला आणि वरच्या डेकला जास्त. शिवाय आपल्या डोक्यावर आणि पायाखाली केबिनच असाव्यात, पूलचा डेक किंवा थिएटर नको, नाहीतर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज. मलाक्काच्या सामुद्रधुनीत एका बाजूला सुमात्रा आडवं असल्यामुळं पाणी तसं शांत असतं, मला उलटी बिलटी काही झाली नाही. फुकेतच्या बाजूला मात्र मे ते ऑक्टोबर पावसाळी वारं असतं तेव्हा समुद्र खवळलेला असतो.

बाल्कनीचे पैसे कशाला असं हे बुकिंगच्या वेळी म्हणत होते, "झोपायलाच जायचंय ना खोलीत". आतली बिनखिडकीची केबिन खूप स्वस्त पडते हे खरं. पण झालं असं की हे सगळ्यात जास्त वेळ त्या बाल्कनीतच बसले. सकाळी चहा घेऊन बसायचं आणि समोरून जाणारी मालवाहू जहाजं बघायची, कुठल्यावर किती कंटेनर, एकावर एक किती थर, आपला माल असाच जात असंल का, हेच. फोन दोघांचेही एअरप्लेन मोडवर. हे फार महत्त्वाचं, लक्षात ठेवा, समुद्रात जहाजाचं स्वतःचं नेटवर्क फोन आपोआप पकडतो आणि आपलं नेहमीचं इंटरनॅशनल रोमिंगचं पॅक त्याला चालत नाही, नुसता फोन चालू राहिला तरी बिल येतं. वायफायचं पॅकेज महाग होतं म्हणून घेतलं नाही. कारखान्यातून फोन नाही, वीज गेली, कामगार आला नाही, काही नाही. पहिला दिवस ह्यांना करमेना, सारखा खिसा चाचपायचे, मग सुधारले. इतकं बोलणं आमच्यात कधी झालं होतं मला आठवत नाही, त्यातलं निम्मं सुताच्या भावाबद्दल होतं ते सोडा.

टॉवेलचं तर सांगायलाच पाहिजे. रोज संध्याकाळी केबिन आवरणारा मुलगा टॉवेलचा कधी हत्ती, कधी हंस, कधी माकड करून ठेवतो. लोक फोटो काढतात. ह्यांनी पहिल्याच दिवशी हत्ती सोडला. कोपरा धरला, पाईल (टॉवेलवरचे उभे धागे) उलटी फिरवून बघितली, किनारीची शिलाई मोजल्यासारखी बोटाखालून नेली, उजेडात धरला आणि म्हणाले, "पाचशे जीएसएम असंल. धुऊन धुऊन पाईल बसलीय पण धागा सुटला नाही बघ कुठं." (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन.) मग लेबल शोधलं, ते धुलाईत पुसून गेलेलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला (इंडोनेशियाचा होता) गाठून रोज किती टॉवेल धुता, किती दिवसांनी बाद करता, सगळी चौकशी. तो बिचारा हसून उत्तरं देत होता. मोडलेला हत्ती मात्र ह्यांना परत जमला नाही, टॉवेलचं आयुष्य काढलेल्या माणसाला. पूलवरचे टॉवेल केबिनच्या कार्डावर (जहाजावरचा सगळा खर्च त्याच्याच खात्यावर पडतो) लिहून देतात, परत केला नाही तर पैसे खात्याला लागतात, तेव्हा खुर्चीवर टाकून जेवायला जाऊ नका.

पाण्याचंही तसंच. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावची माणसं आपण, तिथं समुद्राच्या मधोमध चोवीस तास गरम-गार पाणी, फोर्स असा की अंग दुखावं. समुद्राचंच पाणी गोडं करतात, काही इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करून, काही फिल्टरने दाबून. मी तरी सवयीने बादली शोधत होते. बाथरूम मात्र एवढंसं, जाड माणसाने वळायचं कसं हा प्रश्न आहे.

निघायच्या आधी सगळ्यांना धोक्याच्या वेळची कवायत करावी लागते, लाइफ जॅकेट कुठं, कुठल्या जागी जमायचं, सात छोटे भोंगे आणि एक लांब म्हणजे काय. लोक कंटाळतात, सेल्फी काढतात. तसं करू नका. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून ३२ माणसं गेली, त्या दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून जहाज सुटायच्या आधी नाहीतर सुटल्या सुटल्या ती करावीच लागते.

जेवण. शाकाहारी मिळतं, भारतीय काउंटर असतो, जैनही सांगून मिळतं, उपाशी कुणी राहत नाही. पण तेच पनीर, तीच पिवळी डाळ, तिसऱ्या जेवणाला तोंड फिरलं. बुफेला दुपारी साडेबारा ते दीड गड्ड्याच्या जत्रेसारखी गर्दी, टेबल धरून एकाने बसायचं आणि एकाने ताट आणायचं. त्यापेक्षा खाली बसून वाढणारं मोठं डायनिंग हॉल असतं, तेही तिकिटातच असतं, पण आपली माणसं तिकडं फिरकतच नाहीत, महाग असंल म्हणून. तिथं निवांत जेवा. आणि शेंगाचटणी न्या. आम्ही पाकीटबंद नेली होती, कुणी अडवलं नाही, बटाट्यावर, पास्त्यावर, सगळ्यावर चालली, शेजारच्या टेबलावरच्या गुजराती जोडप्याने दोनदा मागून घेतली. घरचं डबाबंद जेवण चालत नाही. इस्त्री आणि पाणी तापवायची किटली पण नेऊ नका, स्कॅनमध्ये दिसली की काढून घेतात आणि उतरताना देतात, आगीची भीती असते म्हणून.

पैशाचं नीट वाचा. एजंट आम्हाला म्हणाला होता "सगळं इन्क्लूड आहे". नाही. टिप म्हणजे ग्रॅच्युइटी माणशी दर रात्रीला खात्यावर आपोआप पडते, जहाजाप्रमाणे पंधरा ते पंचवीस डॉलर धरा. कोल्ड्रिंक, चांगली कॉफी, स्पेशल रेस्टॉरंट, वायफाय, फोटो, स्पा, सगळं वेगळं. जहाजावर रोकड चालत नाही, केबिनचं कार्ड लावलं की पैसे खात्याला, त्यामुळं खर्च होताना हाताला कळत नाही. रोज रात्री केबिनच्या टीव्हीवर हिशोब बघा, मी बघायचे, आणि एकदा दुसऱ्याच कुणाची बिअर आमच्या नावावर निघाली, काउंटरवर जाऊन वाद घातला तेव्हा काढली, त्यात अर्धी संध्याकाळ गेली. तिकिटाच्या वर आमचा साधारण तिसरा हिस्सा आणखी खर्च झाला. या खात्याला जोडायला डेबिट कार्ड देऊ नका, ते रक्कम अडकवून ठेवतात आणि सुटायला बरेच दिवस लागतात. क्रेडिट कार्ड बरं. पैसे रुपयात कापू का डॉलरमध्ये असं मशीनने विचारलं तर डॉलर म्हणा, रुपयात रेट वाईट लावतात. पॅकेजवर आमच्या वेळी ५ टक्के टीसीएस लागला, तो २६एएस या आयकर खात्याच्या विवरणात दिसला, रिटर्न भरताना सीएला आठवण करा, कित्येक जण सोडून देतात.

बंदरांत पेनांग आवडलं. धक्क्यावरून चालतच जॉर्जटाऊन गावात जाता येतं, २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे ते गाव. जहाजाची टूर घ्यायची काहीच गरज नाही. जुनी दुकानं, रंगीत खिडक्या, क्वीन स्ट्रीटवर मारियम्मनचं देऊळ, त्याच्या आसपास लिटल इंडिया, तिथं केळीच्या पानावर सांबार-भात जेवलो आणि इतक्या पनीरनंतर काय लागला म्हणून सांगू. तिथं तमिळ चालतं. सोलापूरच्या माणसाला कानडी-तेलुगू कानावर असल्यामुळं अर्धं कळल्यासारखं वाटतं आणि मग चुकीचंच काहीतरी ताटात येतं. फुकेतला आमचं जहाज किनाऱ्याला लागलं नाही, पातोंगसमोर लांब उभं राहिलं आणि छोट्या बोटीतून नेलं. त्या रांगेत दोन तास गेले, उन्हात, आणि किनाऱ्यावर जाऊन शहाळं पिऊन परत. पुन्हा गेलो तर फुकेतला उतरणारच नाही. सगळे उतरतात तेव्हा जहाज रिकामं होतं, पूल मोकळा, बुफे मोकळा, तो दिवस जहाजावरच काढावा.

रात्रीचे शो चांगले होते, पण चढल्या चढल्या जागा बुक कराव्या लागतात, नाहीतर भरतात. कॅसिनो बंदरात बंद असतो, जहाज लांब गेलं की उघडतं, आम्ही एक चक्कर मारून बाहेर. एक गोष्ट मात्र सहन झाली नाही, शेजारच्या बाल्कनीतला माणूस नियम मोडून सिगारेट ओढायचा, दोनदा तक्रार केली तेव्हा कुणीतरी येऊन समजावून गेलं, तिसऱ्या दिवशी परत सुरू.

गुडघे दुखणाऱ्यांना चालेल का, चालेल, लिफ्ट भरपूर आहेत, फक्त शोनंतर आणि उतरायच्या दिवशी मिळत नाहीत. लहान पोरं असतील तर मजा त्यांचीच. मे महिन्यात आणि दिवाळीत भारतातून इतकी गर्दी असते की लिफ्टमध्येसुद्धा अंताक्षरी चालू असते म्हणे, आम्ही शाळा चालू असतानाच्या दिवसात गेलो ते बरं झालं. आता दीर-जाऊबाई विचारतायत, त्यांना मी एकच बजावलंय की "गॅरंटी केबिन" असं कुणी स्वस्तात दिलं तर घेऊ नका, त्यात कुठली केबिन द्यायची ते कंपनी ठरवते, कधी टोकाची, कधी लिफ्टच्या भिंतीला लागून. पैसे भरायच्या आधी डेकचा नकाशा उघडा, केबिनचा नंबर स्वतः निवडा आणि तो बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या.