एआरटी सेंटर (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं केंद्र), जिल्हा रुग्णालय: गोळी का सोडायची नाही, हे इथं समजलं

पाचपैकी चार तारे. त्यातले तीन एकट्या डॉक्टर मॅडमचे.

धाकट्या भावासोबत मी येते. त्याच्या व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात एचआयव्ही किती आहे याचा, रिपोर्ट बरीच वर्षं चांगला येतोय, म्हणून या वेळी तो हट्टालाच पेटला होता. ‘रिपोर्टात विषाणू सापडत नाही, मग गोळी कशाला?’ मॅडम रागावल्या नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं.

‘दादा, गोळी नव्या पेशींना लागण होऊ देत नाही. पण काही सीडी-फोर पेशींत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत, विषाणू झोपून असतो, तिथं गोळीचं काही चालत नाही. त्यातली एखादी जागी झाली आणि गोळी बंद असली, तर विषाणू पुन्हा पसरायला तेवढी एक पुरते.’

किती दिवसांनी जागी होते, हेही त्यांनी सांगितलं. 2015 साली सिडनीच्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी उपचार थांबवलेल्या रुग्णांच्या नोंदी घेतल्या. कुणाच्या रक्तात विषाणू लवकर दिसला, कुणाच्या उशिरा. त्या फरकावरून उलटा हिशेब मांडला, तर सरासरी 6 दिवसांतून एकदा असं उत्तर आलं. त्याआधी हे दिवसातून अनेकदा घडतं असं मानत. मॅडमनी कॅलेंडरवर दर सहाव्या दिवशी टिंब दिलं. वर्षाला साठेक टिंबं! म्हणजे सरासरी वर्षभर गोळीविना राहायचं, तर अशा झोपलेल्या पेशींचा साठा 50 ते 70 पटींनी कमी व्हायला हवा.

‘म्हणजे पाच दिवस तरी चालतील?’ भावानं विचारलंच.

‘सहा ही सरासरी आहे. तुमची पेशी उद्याही उठेल.’

अमेरिकेत मिसिसिपीतलं एक बाळ 27 महिने औषधाविना राहिलं, सगळ्यांना आशा वाटली, आणि 2014 साली विषाणू परत आला, हेही त्यांनी लपवलं नाही. मला हे फार मोलाचं वाटलं. आकडे समोर ठेवून माणसाला समजावणारं कुणी आम्हाला आजवर भेटलं नव्हतं. भाऊ आता गोळी स्वतःहून घेतो.

एक तारा कापला तो बाहेरच्या बाकड्यांसाठी. नाव मोठ्यानं पुकारतात, सगळा व्हरांडा वळून बघतो. एचआयव्हीबाबतच्या 2017 च्या कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिलाय. टोकन नंबर पुकारला तरी भागेल. औषधं फुकट मिळतात, उरलेल्या गोळ्या मोजून घेतात, तेव्हा बाटली सोबत न्या. आणि गोळी सोडायचा विचार मनात आलाच, तर आधी मॅडमना भेटा.