नव्या सक्युलंटचा टाइप नमुना: दाबून वाळवू की स्पिरिटमध्ये ठेवू?

एकाला सक्युलंटची (पाणी साठवणारं मांसल झाड) नवी प्रजाती सापडलीये, वर्णन लिहायचंय (२०१२ पासून इंग्रजीतही चालतं, लॅटिनचं टेन्शन गेलं) पण टाइप नमुना (प्रजातीचं नाव ज्याला कायमचं जोडलं जातं तो नमुना) दाबून वाळवू की स्पिरिटच्या बाटलीत ठेवू यावर गाडी अडलीये. कुंडीतलं जिवंत रोप टाइप म्हणून चालत नाही हे आधीच सांगतो, नियमच आहे तसा.

मेहनतीत दाबणं म्हणजे डोक्याला ताप. हे झाड म्हणजे पाण्याची टाकी, प्रेसमध्ये घातलं तरी कित्येक आठवडे मरत नाही, कधीकधी कागदातच कोंब काढतं! म्हणून आधी उकळत्या पाण्यात बुडवून मारायचं, जाड पानं चिरून आतला गर खरवडायचा, मग कागद सारखे बदलत बसायचं. बाटलीत काय, ७० टक्के अल्कोहोल ओतलं की झालं.

आकारातही बाटलीच भारी, फूल जसंच्या तसं राहतं, शीटवर (वाळवलेलं झाड चिकटवतात तो जाड कागद) पार चपटं. रंगाचा मात्र दोन्हीकडे भरवसा नाही, ताज्या झाडावरूनच लिहून घ्या.

टिकाऊपणात उलटं. शीट नीट जपली तर शेकडो वर्षं राहते, अल्कोहोल उडत जातं, ते भरायला कोणीतरी लागतं, वर आगीची भीती. डीएनएसाठी पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये वेगळा ठेवा, उकळायच्या आधीच.

फुलाच्या रचनेवरच प्रजाती वेगळी ठरत असेल तर बाटली घ्या. डुप्लिकेट (त्याच वेळी गोळा केलेले जादा नमुने) इतर हर्बेरियमना (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहालयांना) पाठवायचे असतील किंवा जागा कमी असेल तर शीट. आणि ठरतच नसेल तर एकाच झाडाचं फूल बाटलीत, बाकीचं शीटवर, लेबलवर एकाच नमुन्याचे भाग असं स्पष्ट लिहिलं की दोन्ही मिळून एकच होलोटाइप (लेखकाने नेमलेला एकमेव टाइप नमुना) धरता येतो.