बेसबॉलच्या सीझन विन्स बेट्स: दोन सीझन लावले, सेटलमेंटचा अनुभव

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इथे २०१८ च्या जूनपासून स्पोर्ट्स बेटिंग कायदेशीर आहे, वय २१ पूर्ण पाहिजे आणि फोन राज्याच्या हद्दीत पाहिजे, एवढं झालं की अ‍ॅपवर तिकीट घेता येतं. भारतातून कोणी वाचत असेल तर तिथे २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदीचा कायदा झालाय, तेव्हा हे तिकडे करायचं नाही. इकडच्या आपल्या लोकांसाठी लिहितोय, कारण ऑफिसात आणि मंडळात दर मार्चला कोणी ना कोणी विचारतं की सीझन विन्स (टीम अख्ख्या सीझनमध्ये किती मॅच जिंकेल यावरची बेट) घेऊ का, आणि सगळे टीमबद्दल विचारतात, पैसे नक्की कधी आणि कुठल्या नियमाने मिळतात हे कोणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

बेट सोपी आहे. एमएलबीत, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल लीगमध्ये, प्रत्येक टीम १६२ मॅच खेळते, बुक, म्हणजे बेट घेणारी कंपनी, विजयांचा एक आकडा देतं, समजा ८५.५, तुम्ही ओव्हर (त्याहून जास्त) किंवा अंडर (त्याहून कमी) घ्यायचं. आकडा अर्ध्यावर असेल तर बरोबरीचा प्रश्नच नाही, पूर्ण असेल आणि टीमने तेवढ्याच जिंकल्या तर पुश, म्हणजे स्टेक (लावलेले पैसे) परत. प्लेऑफचे, म्हणजे रेग्युलर सीझननंतरच्या बाद फेरीचे, विजय धरत नाहीत. २०२५ ला डॉजर्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली पण रेग्युलर सीझनमध्ये त्यांचे विजय ९३ च, आणि माझं तिकीट अंडर १०४.५ चं होतं, ते जिंकलं. मित्र अजून म्हणतो चॅम्पियन टीमवर अंडर कसं जिंकलं. असं जिंकलं.

आता २०२४ चा सीझन, कारण खरं शिकलो ते तिथे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तीन तिकिटं घेतली. पहिल्या अ‍ॅपवर क्लीव्हलंड गार्डियन्स ओव्हर ७९.५ आणि अटलांटा ब्रेव्हज ओव्हर १०१.५, दुसऱ्या अ‍ॅपवर ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज अंडर ९२.५. अ‍ॅपची नावं देत नाही.

ब्रेव्हजचं तिकीट लवकर गेलं. आदल्या वर्षी १०४ जिंकले होते म्हणून घेतलं, पण एप्रिलमध्ये त्यांच्या पिचर स्ट्रायडरचं कोपर गेलं, मेच्या शेवटी स्टार बॅटर अकुन्याचा गुडघा, आणि खेळाडू जखमी झाला म्हणून बेट रद्द होत नाही, ते मान्यच आहे. १०२ जिंकायच्या तर जास्तीत जास्त ६० हरता येतात, ६१वी हार झाली की गणितानेच संपलं. ती हार झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिकिटावर लाल शिक्का. सीझनच्या बऱ्याच मॅच बाकी होत्या, तरी लगेच सेटल, म्हणजे निकाल लावून बंद.

आणि क्लीव्हलंड? त्यांनी ८० वा विजय सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घेतला. ८० झाल्यावर ७९.५ चं ओव्हर काही केल्या हरूच शकत नाही. तरी तिकीट पेंडिंग. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की हा मार्केट रेग्युलर सीझन संपल्यावर सेटल होतो. मग ब्रेव्हजचं आधी कसं झालं? त्यावर नुसतं नियमाचं पान पाठवलं. हे मला अजिबात पटलेलं नाही, आजही नाही. हरलेलं तिकीट एका रात्रीत बंद करता येतं तर जिंकलेलंही करता आलं पाहिजे, माझे ११० डॉलर स्टेक आणि १०० जिंकलेले, असे २१० तीन आठवडे उगाच अडकून पडले.

बरं, नियमाचं पान पाठवलं म्हणून तरी मी ते पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात होतं की टीमने निदान १६० मॅच खेळल्या तरच बेट लागू. दुसऱ्या अ‍ॅपचं पान काढलं तर तिथे पूर्ण १६२, नाहीतर व्हॉइड (बेट रद्द, स्टेक परत), आणि पुढे एक अर्धं वाक्य की निकाल आधीच ठरला असेल तर तो कायम राहील. तेव्हा वाटलं काय फरक पडतो, सगळे १६२ खेळतातच की.

नाही खेळत. २९ सप्टेंबरला, सीझनच्या शेवटच्या रविवारी, क्लीव्हलंडमध्ये पाऊस आला आणि मॅच रद्द. समोर कोण तर अ‍ॅस्ट्रोज! माझी उरलेली दोन्ही तिकिटं एकाच न झालेल्या मॅचमध्ये. दोघांनीही आपापली डिव्हिजन (लीगमधला पाच टीमचा गट) आधीच जिंकलेली, त्या मॅचने काही बदलणार नव्हतं, म्हणून पुन्हा खेळवलीच नाही. आपल्याकडे आयपीएलमध्ये मॅच धुऊन गेली की दोघांना एकेक गुण मिळतो, इथे काहीच मिळत नाही, मॅच हिशोबातून गायबच होते. गार्डियन्स ९२ विजय-६९ हार, अ‍ॅस्ट्रोज ८८-७३, दोघांच्या १६१ मॅच. ही काही पहिली वेळ नाही, २०२१ ला ब्रेव्हज आणि रॉकीज पण १६१ वरच थांबले होते.

पहिल्या अ‍ॅपने, १६० चा नियम असल्यामुळे, मंगळवारी क्लीव्हलंडचे पैसे दिले. दुसऱ्या अ‍ॅपने अ‍ॅस्ट्रोजचं तिकीट व्हॉइड केलं. ५७.५० डॉलर लावले होते ५० जिंकायला, नुसते ५७.५० परत. आता बघा, ८८ विजय, राहिलेली एक मॅच जिंकली असती तरी ८९, ९२.५ च्या जवळपास नाही. निकाल ठरलेलाच होता, आणि त्यांच्याच नियमात तसं वाक्य आहे. मी ईमेल केला, ते वाक्य जसंच्या तसं टाकलं, खाली हिशोब मांडला, आणि समाधान झालं नाही तर राज्याच्या डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंटकडे, म्हणजे बेटिंगवर देखरेख करणाऱ्या खात्याकडे, तक्रार करेन असं सरळ लिहिलं. पहिलं उत्तर छापील, दुसरंही छापील, नवव्या दिवशी ५० डॉलर जमा. रक्कम लहान आहे पण माझी आहे, आणि ज्यांनी ईमेल केलाच नसेल त्यांचं काय झालं असेल हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

आता समजा माझा आकडा ८८.५ असता. टीमचे ८८ विजय, एक मॅच न झालेली. १६० च्या नियमात अंडर जिंकला, १६२ च्या नियमात निकाल ठरलेलाच नाही कारण ती मॅच जिंकली असती तर ८९, म्हणजे व्हॉइड. टीम तीच, आकडा तोच, आणि एका अ‍ॅपवर पैसे तर दुसऱ्यावर नुसता स्टेक. त्यामुळे हल्ली मी आधी नियमाचं पान उघडतो, त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवतो, मग लाइन, म्हणजे बुकचा आकडा, बघतो. अर्ध्या विजयाने चांगली लाइन मिळाली तरी १६२ वाल्या अ‍ॅपवर शक्यतो घेत नाही.

अजून एक, १६३वी मॅच. पूर्वी डिव्हिजन किंवा प्लेऑफच्या जागेसाठी दोन टीमची बरोबरी झाली की एक जादा मॅच व्हायची आणि एमएलबी ती रेग्युलर सीझनमध्येच धरायची. २०१८ ला ब्रूअर्स तशी मॅच जिंकून ९६ वर गेले, डॉजर्स ९२ वर, तेव्हा ती धरायची की नाही हे ज्या त्या बुकच्या नियमावर. २०२२ पासून आपसातल्या मॅचवरून ठरतं, २०२५ ला मेट्स आणि रेड्स दोघेही ८३-७९, रेड्स प्लेऑफमध्ये, मेट्स बाहेर, जादा मॅच नाही. पण २०२४ ला हेलीन वादळामुळे मेट्स आणि ब्रेव्हजच्या राहिलेल्या दोन मॅच सोमवारी ३० सप्टेंबरला झाल्या, त्या मात्र १६२ मधल्याच, त्यामुळे धरल्या जातात. ८८ वरून दोघेही ८९ वर.

पावसाने पाच इनिंग्जनंतर थांबलेली मॅचही सीझनच्या बेटमध्ये पूर्ण विजय असते, एमएलबीच्या अधिकृत टेबलात आली की झालं. त्याच मॅचवर रन्सचं ओव्हर-अंडर घेतलेलं असेल तर ते सहसा व्हॉइड होतं, म्हणून गोंधळू नका. आणि २०२० ला सीझनच ६० मॅचचा झाला, तेव्हा बहुतेक बुक्सनी जुन्या तिकिटांचे पैसे परत केले होते.

कॅश आउटबद्दल, म्हणजे निकालाआधीच तिकीट बुकला परत विकण्याबद्दल, थोडक्यात, २०२४ च्या जुलैत क्लीव्हलंड डिव्हिजनमध्ये पहिली असताना मला १६८ डॉलर देत होते, मी घेतले नाहीत. घ्यायचे तर गरज असेल तेव्हाच, कारण ते स्वतःचा वाटा कापूनच आकडा देतात.

२०२६ साठी मी पहिलंच अ‍ॅप ठेवलंय, दुसऱ्यावरचे पैसे काढून घेतले. दोन तिकिटं, मिळून दीडशे डॉलरच्या आत, आणि ते ऑक्टोबरपर्यंत परत येणार नाहीत असं धरून घरच्या हिशोबाच्या वहीत आधीच लिहून ठेवणार.