हवा मोजायची आहे: स्वस्त सेन्सर की प्रमाणित केंद्र?

प्रदूषण कोणत्या चौकात आणि कोणत्या वेळी वाढतं हे शोधायचं असेल तर स्वस्त सेन्सर घ्या. हवा मर्यादेबाहेर गेली हे सिद्ध करायचं असेल तर प्रमाणित केंद्राचाच, म्हणजे अधिकृत पद्धतीने हवा मोजणाऱ्या केंद्राचाच, आकडा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी (२.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धूलिकण) २४ तासांची पातळी १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ठरवली. एवढ्या लहान आकड्यात पाच मायक्रोग्रॅमची चूकही निकाल फिरवते.

अशा केंद्रातलं बीटा किरणांचं यंत्र फितीवर धूळ साठवतं आणि थरात किरण किती अडले यावरून तिचं वस्तुमान काढतं. आकडा साधारण तासाला एक. सेन्सर धूळ तोलत नाही. लेझरच्या झोतात कण किती प्रकाश विखुरतात त्यावरून तो अंदाज बांधतो, पण दर मिनिटाला, आणि एका केंद्राच्या खर्चात असे कितीतरी बसतात.

खरी अडचण दमट हवेची. कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर ती वाढ धूळ म्हणून मोजतो. प्रमाणित यंत्रात आत येणारी हवा तापवून कोरडी करतात. स्वस्त डब्यात ही सोय बहुधा नसते. म्हणून आर्द्रता नोंदवणारंच मॉडेल निवडा. पर्पलएअर या स्वस्त सेन्सरच्या आकड्यांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने केलेल्या दुरुस्ती-सूत्रातही आर्द्रता धरलेली आहे. आत दोन कणमापक असतील तर उत्तम: दोघांचे आकडे फारच वेगळे आले की ती नोंद टाकून द्यायची. बांधकामाच्या जाड धुळीसाठी मात्र या डब्यांच्या पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) आकड्यावर मी विसंबणार नाही.

वाहनांच्या नायट्रोजन डायऑक्साइडसाठी विद्युत-रासायनिक सेन्सर मिळतात, पण ओझोन त्यांना फसवतो आणि काही महिन्यांत आकडे सरकू लागतात. तासातासाचा चढउतार नको असेल तर विजेशिवाय चालणाऱ्या विसरण नळ्या (हवेतला वायू आपोआप शोषून घेणाऱ्या) बऱ्या: दोन ते चार आठवडे टांगायच्या, मग प्रयोगशाळेत द्यायच्या.

घराजवळ वायफाय पुरतं. दिव्याच्या खांबांवर लोरावॅन हे रेडिओ जाळं कमी विजेत दूरवर माहिती पोचवतं; पण पंखा आणि लेझर वीज खातातच, तेव्हा सौर पॅनेल त्या हिशेबाने घ्या.

दहा सेन्सरांचे पैसे असतील तर आठच घ्या. उरलेल्या पैशांतून आधी सगळे काही आठवडे प्रमाणित केंद्राशेजारी लावून ताडून पाहा. नंतर सात वस्तीत न्या, आठवा केंद्राशेजारीच राहू द्या. ऋतू बदलल्यावर बाकीच्यांच्या दुरुस्तीला तोच उपयोगी पडेल.