डाव्या बाजूला पेसमेकर आणि हातात मॅगसेफचा फोन: काही महिन्यांच्या वापरानंतर

मी बेळगावातील निवृत्त विज्ञान शिक्षक असून माझ्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसवलेला आहे. मुलाने पुण्याहून आयफोन १५ आणि त्याच्या पाठीला चुंबकाने चिकटणारा 'मॅगसेफ' चार्जर पाठवला, तेव्हा घरात किमतीपेक्षा तो मी वापरावा की नाही याचीच चर्चा अधिक झाली. काही महिने रोज वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की असा फोन वापरण्यास हरकत नाही, मात्र तो अंगावर कुठे ठेवायचा याची सवय पूर्णपणे बदलावी लागते.

पेसमेकरमध्ये चुंबक ओळखणारा संवेदक मुद्दाम ठेवलेला असतो. शस्त्रक्रियेच्या किंवा तपासणीच्या वेळी डॉक्टर त्यावर चुंबक धरतात, तेव्हा पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके पाहणे थांबवतो आणि ठरावीक गतीने, कंपनीनुसार मिनिटाला साधारण ८५ ते १००, ठोके देऊ लागतो. धोकादायक वेगवान ठोक्यांवर विजेचा झटका देणाऱ्या आयसीडीचे वर्तन निराळे असते: तिथे चुंबकामुळे झटका देण्याची सोय तात्पुरती थांबते आणि रुग्णाला बहुधा काही जाणवतही नाही. चुंबक दूर झाला की साधारणतः दोन्ही यंत्रे पूर्ववत चालतात. हे घडण्यास सुमारे १० गॉस, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या जवळजवळ पंचवीसपट क्षेत्र पुरते. ते डॉक्टरांच्या चुंबकाचे आहे की फोनच्या, हे यंत्राला कळण्याचा मार्ग नाही.

चुंबकाचे वर्तुळ पाठीत असलेला 'आयफोन १२' हा ऑक्टोबर २०२० मध्ये आला आणि जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 'हार्ट रिदम' या नियतकालिकात कळवले की तो छातीजवळ नेताच एका आयसीडीची उपचारक्रिया थांबली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने धोका कमी असल्याचे सांगतानाच असा फोन यंत्रापासून १५ सेंटिमीटर दूर ठेवण्याचा आणि यंत्रावर येणाऱ्या खिशात न ठेवण्याचा सल्ला दिला. ॲपलही १५ सेंटिमीटरच सांगते. बिनतारी चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटर. ज्या दुकानातून मी कव्हर घेतले तेथील विक्रेत्याने मात्र "काका, काही होत नाही, बिनधास्त वापरा" असे सांगून विषय संपवला होता. फोनसोबतची सुरक्षेची माहिती बारीक इंग्रजीत असते आणि आमच्या भागातील वयस्क माणसे ती मराठीत किंवा कन्नडात मिळत नसल्याने दुकानदाराच्याच शब्दावर विसंबतात, ही गोष्ट मला फोनपेक्षा अधिक काळजीची वाटते.

आपल्याकडे सदऱ्याला खिसा असतो तो डावीकडे, छातीवर, म्हणजे नेमका पेसमेकरच्या शेजारी. बसमध्ये दोन्ही हात दांड्याला असले की फोन आपोआप तिथेच जातो. म्हणून खडे बाजारातील शिंप्याकडून मी नवे सदरे छातीच्या खिशाविना शिवून घेतले आणि फोन आता बाजूच्या खिशात असतो. बोलताना तो उजव्या कानाला लावतो. दुपारी आडवे पडून बातम्या पाहताना तो छातीवर ठेवण्याची सवय मोडायला मात्र सर्वाधिक वेळ लागला. चार्जर उशाशी न ठेवता खोलीतल्या कपाटावर ठेवला आहे, कारण झोपेत कूस बदलताना ३० सेंटिमीटरचा हिशेब कोण ठेवणार? गेल्या तपासणीत तंत्रज्ञाने यंत्रातील नोंदी पाहिल्या आणि काळजीचे काही आढळले नाही.

फोनपेक्षा त्याच्या सोबतच्या वस्तूंकडे अधिक दुर्लक्ष होते. इअरबड्सच्या डबीचे झाकण चुंबकानेच मिटते आणि ती डबीही नकळत छातीच्या खिशात जाते. फोनला चिकटणारे कार्डांचे पाकीट मी वापरून पाहिले आणि परत केले. त्याने चुंबकांची संख्याच वाढते. चुंबकाचे क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने घटते, अंतर दुप्पट केले तर ते जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येते, म्हणून वीतभर अंतर एवढे उपयोगी पडते. याच कारणाने गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत मोठ्या स्पीकरांच्या भिंतीला टेकून उभा राहत नाही, पण रस्त्याच्या कडेने पाहतो.

इंडक्शन शेगडीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे बदलते चुंबकीय क्षेत्र असते. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन शेगडी आणि पेसमेकर यांत ६० सेंटिमीटर अंतर सुचवते. त्यामुळे चहा मी गॅसवरच करतो आणि इंडक्शनवरचे भांडे वाकून उचलण्याचे काम घरच्यांकडे दिले आहे. टीव्ही आणि मिक्सर पूर्वीसारखेच वापरतो. सांबरा विमानतळावर पेसमेकरचे ओळखपत्र आधीच दाखवतो आणि हातातले तपासणी यंत्र छातीवर धरून ठेवू नये अशी विनंती करतो.

ज्यांना पेसमेकर आहे आणि खिशाची सवय बदलता येते, त्यांनी हा फोन जरूर घ्यावा. आयसीडी असलेल्यांनी मात्र खरेदीपूर्वी आपल्या हृदयतज्ज्ञांना विचारावे, आणि फोन जवळ आल्यावर यंत्रातून सूर ऐकू आला तर तो लगेच दूर करून दवाखान्यात कळवावे. काही कंपन्यांची आयसीडी चुंबक लागताच असा आवाज करतात.