सोफा रिपेअर करून घेतला, डोंबिवली – अनुभव

आमचा थ्री सीटर ६ वर्षांपूर्वी एका मोठ्या शोरूममधून घेतलेला, चॉकलेटी रेक्झिनचा, आणि चौथ्या पावसाळ्यानंतर त्याचे पापुद्रे निघायला लागले, पांढरे कपडे घालून बसलं की पाठीला सगळा भुगा. पण खरा त्रास आईला. तिची बसायची बाजू एवढी खचली होती की गुडघ्यांमुळे उठताना दरवेळी कोणाचा तरी हात लागायचा. शोरूमवाले म्हणे वॉरंटी फक्त फ्रेमची.

नवीन घ्यायचा म्हणून उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटला दोन चकरा मारल्या, मनासारखं काही मिळेना, मग शेजारच्या काकूंनी त्यांच्या सोफावाल्याला पाठवलं. त्याने आल्या आल्या सोफा उलटा केला आणि खालचं काळं कापड फाडून आम्हालाच आत बघायला लावलं. लाकूड धड, एकही सांधा हलत नव्हता, पण सीटखाली स्प्रिंग नाहीच, नुसते इलॅस्टिकचे पट्टे, त्यातले चार तुटून लोंबत होते. "ताई, फ्रेम चांगलीये, टाकू नका."

मग त्याने आईला खुर्चीवर बसवलं आणि जमिनीपासून तिच्या गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत टेप लावून माप घेतलं. शोरूममध्ये कोणी विचारलं पण नव्हतं हो! त्या मापाने पाये २ इंच वाढवले, पट्टे सगळे नवीन, बाजेसारखे आडवे-उभे विणून ठोकले, सीटला ४० डेन्सिटीचा फोम आणि पाठीला ३२. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नाही बरं का, मी पण तसंच समजत होते, ते एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन, आकडा मोठा तर फोम लवकर बसत नाही. रेक्झिन परत नकोच, आपल्या दमट हवेत त्याचा वरचा थर सुटतोच, म्हणून जाड कापड घेतलं.

एकूण १६,५०० लागले, नवीन साधा सोफा पण ४०च्या पुढे सांगत होते. चार दिवस म्हणाला आणि नऊ लावले, तेवढे दिवस हॉलमध्ये सतरंजीवर, आईचे फार हाल झाले, हे मला अजिबात आवडलं नाही आणि त्याला तसं सांगितलं पण. एका गादीची पाइपिंग, म्हणजे कडेच्या शिवणीतली गोल पट्टी, थोडी वाकडी आहे, ती रविवारी येऊन करून देणारे.

काल बेल वाजली, मी किचनमधून हात पुसत येईपर्यंत आईने दार उघडलं पण होतं.

हो, आणि उरलेलं कापड मागून घ्या, ते स्वतःहून देत नाहीत, आमची त्यात सोफ्याच्या हातांची दोन कव्हरं झाली.